मोठं कुटुंब स्वतःहून हजर

योजना भिंतीवर आली की आपोआप जनतेच्या मनात उतरते, असं एक तत्त्व त्या वर्षी सरकारदरबारी मान्य झालं होतं. त्यानुसार प्रत्येक गावात रस्त्याकडेच्या किमान तीन भिंतींवर कुटुंबकल्याणाचा मजकूर रंगवायचं ठरलं. या कामाचं नाव आधी कुटुंबनियोजन असं होतं. मधल्या काळात नियोजन जरा जास्तच झालं, लोक बिथरले, निवडणुकीत व्हायचं ते झालं, आणि नियोजनाचं कल्याण झालं. काम तेच राहिलं, पाटी तेवढी नवी लागली.

लासूर स्टेशनपासून दोन कोसांवर हिंगणवाडी नावाचं गाव. तिथं मजीद पेंटर सायकलीला रंगाचे डबे बांधून आला. मोक्याची भिंत त्यानं हेरली, ती नेमकी रामकिसनच्या घराची निघाली. मजीदनं लाल त्रिकोण काढला आणि त्याच्या खाली हातभर अक्षरांत लिहिलं, 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब'. मग अर्धा कप चहा घेऊन तो पुढच्या गावाला गेला. वरकरणी यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

अडचण एवढीच होती की रामकिसनला कुटुंबं दोन होती.

हे शहरातल्या वाचकांना जरा सोडवून सांगायला हवं. जुन्या चालीचा माणूस बायकोला बायको म्हणत नाही, त्याची जीभ अडखळते. तो म्हणतो, 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय.' रामकिसनचं मोठं कुटुंब म्हणजे आवडाबाई. लग्नाला बारा वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तेव्हा तिनंच मन घट्ट करून, स्वतः मुलगी बघून, नवऱ्याचं दुसरं लग्न लावून दिलं. ती चतुराबाई, म्हणजे लहान कुटुंब. असं लग्न करायला कायद्यानं बंदी आहे, ही बातमी रामकिसनपर्यंत लग्नाचे लाडू संपल्यावर पोचली. तेव्हापासून खाकी कपडा दिसला की तो आडोशाला व्हायचा, मग कपड्याच्या आत पोस्टमन का असेना. चतुराबाईला पुढं एकामागून एक सात पोरं झाली. गावात या घराची बातमी सांगायची रीतच पडली होती, 'रामकिसनचं मोठं कुटुंब बाजाराला गेलंय आणि लहान कुटुंब बाळंत झालंय.'

कारभार मात्र सगळा आवडाबाईचा. कोठीतलं धान्य तिनं काढायचं, सातही पोरांना न्हाऊ तिनं घालायचं, आज पिठलं की वरण हे तिनं ठरवायचं. कूस उजवली नाही याचं दुःख तिच्या पोटात होतंच, पण घरात तिच्या शब्दाला किंमत होती, आणि तेवढ्या आधारावर बाई ताठ चालत होती.

भिंत रंगली त्या दुपारी चतुराबाईची थोरली मुलगी सरू शाळेतून आली. आठवीत होती, दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय होती. चतुराबाई दारात डाळ निवडत बसली होती.

"काय म्हनलीस? परत वाच," चतुराबाई म्हणाली.

सरूनं परत वाचलं.

"सरकारी हाय का?"

"लाल तिरकोन हाय म्हंजे सरकारीच."

चतुराबाईनं थोडा विचार केला. मग डाळीचं सूप उचलून आवडाबाईपुढं ठेवलं. "अक्का, आता हे तुमी निवडा. मी काय म्हनत नाय, सरकारच म्हनतंय."

आवडाबाईला आधी ही थट्टाच वाटली. पण दुसऱ्या दिवशी सुखी कुटुंब उशिरा उठलं. तिसऱ्या दिवशी सुखी कुटुंबानं भाकरी थापायला नकार दिला. चौथ्या दिवशी त्यानं कोठीची किल्ली मागितली. आवडाबाईनं नवऱ्याकडं दाद मागितली, तर रामकिसन इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "भिंतीच्या इरोधात जाऊ नाय. आपलं आधीच कागदावर बरं नाय." आठवड्याभरात हापशावरच्या बायकासुद्धा चतुराबाई आली की 'सरका गं, सुखी कुटुंबाला भरू द्या' म्हणायला लागल्या. सतरा वर्षांचा कारभार एका ब्रशानं गेला. आवडाबाई संतापानं अशी धुमसत होती की तिच्या हातून तीन दिवस भाकरी करपत होत्या.

लासूरच्या आठवडी बाजारात तिनं मजीद पेंटरला गाठलं.

"भाऊ, माह्या भिंतीवरचं 'लहान' खोडून 'मोठं' लिव्ह. दुसरं कायबी नको."

"अक्का, तुमचं बराबर है," मजीद म्हणाला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. "पण मजकूर वरून मंजूर होके आता है. 'मोठं कुटुंब सुखी' लिहिलं तर माझा ब्रश जप्त होईल आणि ब्रशामागं मी. तुम्ही असं करा, उस्मानपुऱ्यात साहेबांचं आफिस आहे, तिथं जाऊन बोला. ते कुणालाही रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत."

मजीदचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. औरंगाबादेत उस्मानपुऱ्यात एका दवाखान्याच्या माडीवर 'भिंतलेखन व लोकप्रबोधन कक्ष' होता आणि नानासाहेब त्याचे प्रमुख होते. दारात आलेला नागरिक कोणत्या ना कोणत्या रकान्यात बसवल्याशिवाय सोडायचा नाही, हा त्यांचा बाणा होता. आवडाबाई पॅसेंजरनं आली, स्टेशनवरून चालत आली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"काय तक्रार आहे, बाई?"

"सायेब, तुमी भिंतीवर लिव्हलं, लहान कुटुंब सुखी. मंग मोठ्या कुटुंबानं काय करावं?"

नानासाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचं कुटुंब मोठं आहे?"

"माहं कशाला, मीच की मोठं कुटुंब."

"आणि सुख?"

"व्हतं. भिंत रंगल्यापासून नाय."

"घरात मुलं किती?"

"सात."

"तुमचं वय?"

"पोलीस ॲक्शन झाली तवा धा वर्साची व्हते. रझाकाराच्या भ्यानं आमाला कडब्यात लपिवलं व्हतं, आन मी शिंकले म्हनून आजानं मारलं व्हतं."

नानासाहेबांनी बोटांवर मोजून 'बेचाळीस' लिहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मोठ्या कुटुंबांचा शेतात, बाजारात, जत्रेत पाठलाग केला होता. मोठी कुटुंबं त्यांची जीप पाहून उसात शिरायची. आज पहिल्यांदा एक मोठं कुटुंब स्वतःच्या तिकिटानं येऊन, कोणतंही आमिष न दाखवता, आपण दुःखी आहोत असं सांगत होतं. त्यांनी शेरा लिहिला, 'मोठे कुटुंब स्वतःहून हजर. दुःखी असल्याचे मान्य. कारण : भिंतलेखन. प्रबोधन शंभर टक्के यशस्वी.'

"मोठ्या कुटुंबासाठी काय येवजना हाय का, सायेब?"

"आहे तर. आमच्या सगळ्या योजना मोठ्या कुटुंबासाठीच आहेत. लहान कुटुंबाला आम्ही काही करत नाही, ते सुखीच असतं."

हे ऐकून आवडाबाईच्या जिवात जीव आला. साहेबांनी दाखवली त्या जागी तिनं अंगठा उमटवला. घरी येऊन सवतीला नाकावर टिच्चून सांगितलं, "सगळ्या येवजना माह्याच हायेत. तुला भिंतीवरच बसवलंय."

तीन आठवड्यांनी शमशाद सिस्टर कागद घेऊन आली. ही गावोगाव फिरणारी नर्सबाई, चतुराबाईची चार बाळंतपणं तिनंच केली होती. ती ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि तिनं कागद उलगडला.

"अक्का, तुम्हाला ऑपरेशनला बोलावलंय. मार्चअखेर शाळेत शिबिर आहे."

"कसलं आपरेशन?"

"मूल बंद व्हायचं."

आवडाबाईनं विचारलं, "जे सुरूच झालं नाय ते बंद कसं करतेत?"

सिस्टरला हसू येईना आणि रडूही येईना. तिनं साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं, की सदर महिलेला मूलबाळ नाही, सातही अपत्यं धाकट्या पत्नीची आहेत, तरी नोंद दुरुस्त व्हावी. नानासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या मते त्यात तर्काची घोर चूक होती. त्यांनी उत्तर दिलं:

'अपत्ये नसल्यास कुटुंब मोठे कसे, याचा खुलासा आपल्या पत्रात नाही. तसेच लहान कुटुंबास सात अपत्ये असणे हे धोरणाशी विसंगत आहे. सबब सात अपत्ये मोठ्या कुटुंबाच्या नावे कायम करण्यात येत आहेत. लहान कुटुंबाची अपत्ये : निरंक. मोठ्या कुटुंबाने शस्त्रक्रियेस नकार दिल्यास खोटी माहिती दिली असे समजून एकाच घरी दोन कुटुंबे कशी, हा विषय पोलीस खात्याकडे वर्ग करण्यात येईल.'

शेवटचं वाक्य ऐकून रामकिसन तिथंच उकिडवा बसला. पण आवडाबाईचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. सोबत एक यादी होती आणि सिस्टर ती वाचत होती. सरू, आईचं नाव आवडाबाई. पुंजाराम, आईचं नाव आवडाबाई. अशी सात नावं आली.

"परत वाच," आवडाबाई म्हणाली.

सिस्टरनं परत वाचलं. आवडाबाईनं पदर तोंडाला लावला. तिनं वेरूळच्या घृष्णेश्वराला किती सोमवार फेऱ्या घातल्या होत्या, दर्ग्यात चादर चढवली होती, कुणी सांगितला तो पाला वाटून प्याली होती. देवानं एकोणतीस वर्षांत जे दिलं नाही ते उस्मानपुऱ्याच्या माडीवरून एका शिक्क्यात आलं होतं. ती हमसून हमसून रडली आणि रडता रडता हसली.

कारभार त्याच दिवशी परत फिरला. "सरकारदरबारी सात लेकराची माय हाय ती," रामकिसन चतुराबाईला म्हणाला, "किल्ली देऊन टाक." शाळेच्या मास्तरांनीही प्रगतिपुस्तकावर अंगठा आवडाबाईचाच हवा असं कळवलं.

चतुराबाई हादरली. भिंतीवर सुख मिळालं ते ठीक होतं, पण पोटची पोरं कागदावरून गेली होती. तेवढ्यात तिलाही पत्र आलं. अपत्ये निरंक ठेवून आदर्श घालून दिल्याबद्दल लहान कुटुंबाचा तालुक्याला सत्कार होणार होता. तेव्हा तिला आठव्यांदा दिवस गेलेले होते आणि सातवा महिना लागला होता. सत्काराच्या शालीची दोन टोकं पुढं जुळेनात.

"पहिलंच का?" नानासाहेबांनी कौतुकानं विचारलं.

"कागदावर पैलंच, सायेब."

"छान. आता दोनवर थांबा."

परतताना बैलगाडीत चतुराबाईनं हिशेब केला. सात होती ती गेली, हे पोटातलं पहिलं, म्हणजे सरकारच्या मर्जीनं याच्यानंतर अजून एक. पहिल्या सात वेळा तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता परवानगीच मिळाली होती.

आठवं झालं, मुलगी झाली. चतुराबाईच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं. सव्वा महिना होताच ती सिस्टरकडं गेली. "बाई, आता माहं बंद करून टाका. मला उभं राहवत नाय."

"माझ्या हातात असतं तर पाचव्यालाच केलं असतं," शमशाद सिस्टर म्हणाली. "पण तुझ्या नावावर एकच मूल आहे. एका मुलावर ऑपरेशन नियमात बसत नाही."

म्हणजे प्रकरण असं उभं राहिलं होतं. जिला मूल झालं नाही तिला ऑपरेशन सक्तीचं होतं आणि जिला आठ झाली तिला ते नाकारलं होतं. आवडाबाईनं नाही म्हणावं, तर सातही पोरं नावावरून उतरणार, कारभार जाणार आणि नवरा पोलिसात जाणार. हो म्हणावं, तर जी कूस कधी भरलीच नाही तिला कात्री लागणार. शिबिराला चार दिवस उरले तरी तिचं काही ठरत नव्हतं.

भर दुपारी चतुराबाई तान्ह्या पोरीला घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. बऱ्याच महिन्यांनी बसली होती.

"अक्का, त्यान्ला तुमचा अंगठा पायजे. पोट कुनाचं, हे कोन बघतंय?"

आवडाबाईनं मान वर केली.

"तुमच्या नावानं मी जाते," चतुराबाई म्हणाली. "अंगठा तुमचा, पोट माहं."

"आन पोरं?"

"कागदावर तुमची ऱ्हाऊ द्या. पोटाला भूक लागली की कुनालाबी माय म्हनतेत."

"आन कोठी?"

"ती तुमचीच व्हती. मला भिंतीनं भुलवलं."

आवडाबाईनं तान्ही पोर तिच्या हातातून घेतली. "तुला एकटीला जाऊ द्यायची नाय. मी येते संगट," ती म्हणाली.

शाळेत शिबिर भरलं. बाकं ओढून टेबलं केली होती, फळ्यावर 'सुस्वागतम्' होतं. 'आवडाबाई' असा पुकारा झाला आणि डोईवरून पदर ओढून चतुराबाई आत गेली. शमशाद सिस्टरनं दारातच तिला ओळखलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि यादीवर खूण केली. नानासाहेबांनी दोघींनाही पूर्वी पाहिलं होतं, पण त्यांना चेहरे लक्षात राहत नसत, अर्ज राहत. आवडाबाई शेजारच्या वर्गात तान्ह्या पोरीला घेऊन बसली होती, ती त्यांना दिसली.

"तुम्ही कोण?"

"लहान कुटुंब," आवडाबाई म्हणाली.

नानासाहेबांनी तिच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं आणि त्यांना भरून आलं. "या वयात पहिलं अपत्य. याला म्हणतात अंतर ठेवणं. तुमचा पुन्हा सत्कार करायला हवा."

"सत्कार ऱ्हाऊ द्या, सायेब. एक इचारू का?"

"विचारा."

"सात लेकरं मोठ्या कुटुंबाची, हे आठवं लहान कुटुंबाचं. दोन्हीकडं सामाईक मानूस एकच हाय. त्यो भाईर बाकड्यावर बसलाय. त्याचंच उरकलं आस्तं, तर दोन्ही कुटुंबाचं काम एका टाक्यात झालं आस्तं."

नानासाहेबांनी आधी दार लोटून घेतलं. "बाई, हळू बोला. बाप्यांची ऑपरेशनं केली की सरकार पडतं. एकदा होऊन गेलंय. बायकांच्या ऑपरेशननं आजवर एकही सरकार पडलेलं नाही."

"पन त्यो कुटुंबात येत नाय का?"

साहेबांनी नियमाचं पुस्तक काढलं. मागून पुढं चाळलं, पुढून मागं चाळलं. रामकिसन प्रत्येक पानावर होता, पण कुटुंबप्रमुख म्हणून होता. "प्रमुख हा कुटुंबात मोजायचा की कुटुंबाच्या वर, याबाबत स्पष्ट आदेश दिसत नाहीत," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "मी वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवतो."

बाहेर बाकड्यांवर पन्नासएक कुटुंबप्रमुख ओळीनं बसले होते. प्रत्येकानं आपापलं कुटुंब आत पाठवलं होतं. कांद्याच्या भावाबद्दल बोलणं चाललं होतं, शिबिरातर्फे शिरा आणि चहा फिरत होता. संध्याकाळी चतुराबाईला धरून गाडीत निजवलं. आवडाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातात पोर धरली. रामकिसन सिस्टरकडं गेला आणि अदबीनं म्हणाला, "बाई, मी काय पथ्य पाळावं?"

"तुम्ही कशाला?"

"घरात आपरेशन झालंय ना. म्हनून इचारलं. थोडे दिवस जड काय उचलू नाय, आसं म्हनतेत."

त्या दिवशी हिंगणवाडीत एकावन्न कुटुंबांचं कल्याण झालं, त्यात झाडून सगळ्या बाया होत्या. अहवाल वर गेला, शाबासकी खाली आली. नानासाहेबांनी मागवलेलं मार्गदर्शन मात्र अजून आलेलं नाही, आणि ते दरवर्षी स्मरणपत्र पाठवता पाठवता निवृत्तही झाले. रामकिसनला हसून झालं असेल, तर वाचकानं कृपया एवढं सहकार्य करावं. आपल्या घरात हे ऑपरेशन कुणाचं झालं ते आठवावं, आणि त्या वेळी बाहेर बाकड्यावर चहा पीत कोण बसलं होतं, त्याचं पूर्ण नाव खाली लिहावं. जागा कोरी सोडू नये.